गोळी पोटात गेल्यावर : स्तनाच्या कर्करोगावरील औषधांचा शरीरातील प्रवास

पिंपरी-चिंचवड म्हटले की आज डोळ्यांपुढे मोटारी, सुटे भाग आणि चाकणच्या दिशेने धावणारे अवजड ट्रक येतात. परंतु या परिसराच्या औद्योगिक इतिहासाचा आरंभीचा एक अध्याय औषधाने लिहिला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे 'हिंदुस्तान अँटिबायोटिक्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी ज्या 'एचए'त नोकरी केली, ती हीच कंपनी.

पेनिसिलीनच्या इतिहासात एक प्रसंग आहे. १९४१ साली इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे एका पोलीस शिपायाला हे औषध प्रथम देण्यात आले, तेव्हा जगात त्याचा साठा चिमूटभरच होता. रुग्णाने घेतलेले पेनिसिलीन काही तासांतच लघवीवाटे बाहेर पडते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी त्याच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा त्यालाच टोचले. तरीही साठा संपला आणि तो रुग्ण दगावला. औषध शरीराचे काय करते, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. शरीर औषधाचे काय करते, हा दुसरा प्रश्नही तितकाच जीवनमरणाचा आहे, हे त्या शिपायाच्या मृत्यूने दाखवून दिले.

हा दुसरा प्रश्न या स्मरणिकेत मांडण्याचे कारण आहे. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या घरांतही तो आलेला आहे. पालकसभा संपल्यावर मागे रेंगाळून माता विचारतात, "सर, शस्त्रक्रिया झाली, आता बरे वाटते. मग ही गोळी पाच वर्षे कशाला?" कोणी म्हणते, "केमोनंतर लघवी लाल झाली, रक्त तर नाही ना?" मी इतिहासाचा शिक्षक आहे, वैद्य नाही. औषध ठरवणे, बदलणे वा थांबवणे हे डॉक्टरांचेच काम. परंतु कारण कळले तर माणूस उपचार नेटाने पूर्ण करतो, आणि कारण सांगणे हे शिक्षकाचे काम आहे.

चार टप्पे

कोणत्याही औषधाचा शरीरातील प्रवास चार टप्प्यांत होतो. पहिला शोषणाचा : गोळी आतड्यातून रक्तात जाते, शिरेतून दिलेले औषध हा टप्पा ओलांडूनच आत येते. दुसरा वितरणाचा : रक्तातून ते निरनिराळ्या अवयवांत पसरते, काही रक्तातील प्रथिनांना चिकटून राहते, काही मेदात साठते. तिसरा रूपांतराचा आणि चौथा उत्सर्जनाचा.

तिसरा टप्पा मुख्यतः यकृतात घडतो. यकृतात विकरांची, म्हणजे एन्झाइमांची, मोठी फौज असते. त्यांतील एका घराण्याला 'सायटोक्रोम पी-४५०' असे नाव आहे. त्याच्या सदस्यांना थ्री-ए-फोर, टू-डी-सिक्स अशी क्रमांकवजा नावे आहेत. प्रत्येक विकराचे काम ठरलेले. एक कापतो, दुसरा जोडतो. कारखान्यातील वेगवेगळ्या यंत्रांवर एकच भाग फिरावा, तसा औषधाचा रेणू या विकरांच्या हातून जातो. अखेरीस त्याला एक जोड लावली जाते, जिच्यामुळे तो पाण्यात सहज विरघळतो. हा त्याचा 'गेट पास'. तो मिळाला की मूत्रपिंडातून लघवीवाटे किंवा पित्तातून शौचावाटे औषध शरीराबाहेर पडते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. यकृत औषधाला नेहमी निष्प्रभच करते, असे नाही. काही औषधे पोटात जाताना जवळजवळ निद्रिस्त असतात आणि यकृतच त्यांना जागे करते. स्तनाच्या कर्करोगावरील सर्वांत परिचित गोळी याच प्रकारची आहे.

टॅमॉक्सिफेन : यकृतात घडणारे औषध

टॅमॉक्सिफेन हा रेणू १९६२ साली इंग्लंडमधील आय.सी.आय. या कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ महिलेने तयार केला. शोध चालला होता गर्भनिरोधकाचा. त्या कामी तो उपयोगी पडला नाही. पुढे मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर त्याचे प्रयोग झाले, १९७१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि १९७३ साली ब्रिटनमध्ये त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली.

स्तनाच्या अनेक गाठी इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकावर पोसल्या जातात. पेशीत इस्ट्रोजेनसाठी एक कुलूप असते. त्यात किल्ली फिरली की पेशीला वाढण्याची आज्ञा मिळते. टॅमॉक्सिफेन त्या कुलपात आधीच जाऊन बसते, त्यामुळे खरी किल्ली आत शिरत नाही. तपासणीच्या अहवालात 'ई.आर. पॉझिटिव्ह' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ गाठीच्या पेशींत हे कुलूप आहे, असा. कुलूपच नसेल तर ही गोळी निरुपयोगी. म्हणूनच शेजारणीला दिलेली गोळी आपल्याला का दिली नाही, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्या अहवालात असते.

आता शरीर या गोळीचे काय करते ते पाहू. टॅमॉक्सिफेन मूळ रूपात त्या कुलपाला सैलसर बसते. यकृतातील थ्री-ए-फोर हा विकर प्रथम त्याचा एक लहान तुकडा कापतो. मग टू-डी-सिक्स हा विकर त्यावर दुसरी प्रक्रिया करतो आणि 'एंडॉक्सिफेन' तयार होते. हे एंडॉक्सिफेन कुलपाला मूळ औषधापेक्षा कितीतरी पटींनी घट्ट बसते. थोडक्यात, कारखान्यातून आलेली गोळी हा कच्चा माल आहे; त्यातले सर्वांत प्रभावी हत्यार रुग्णाचे स्वतःचे यकृत घडवते.

टू-डी-सिक्स सर्वांत सारखा नसतो. हा विकर घडवणारे जनुक काहींत मंद असते, काहींत अतिवेगवान. युरोपीय लोकांत शंभरातील सुमारे पाच ते दहा जणांत तो जवळजवळ निष्क्रिय असतो. भारतीयांत हे प्रमाण कमी आढळते. हा भेद एकाच आईच्या दोन लेकींतही असू शकतो. जातीच्या दाखल्यावरून कोणाचे यकृत कसे चालते हे सांगता येत नाही. निसर्गाने माणसांत ठेवलेली विविधता वेगळी आणि समाजाने लादलेली उतरंड वेगळी. या जनुकाची तपासणी प्रत्येक रुग्णाने करून घ्यावी काय, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत आणि सध्या ती सरसकट केली जात नाही.

पाच वर्षांचे गणित

शरीरातील औषधाची मात्रा निम्मी होण्यास लागणाऱ्या काळाला अर्धायुकाल म्हणतात. पेनिसिलीनचा अर्धायुकाल तासाहूनही कमी असतो. टॅमॉक्सिफेनचा सुमारे पाच ते सात दिवस, आणि त्यापासून बनणाऱ्या काही द्रव्यांचा त्याहून अधिक. याचे दोन परिणाम होतात.

पहिला असा की, गोळी सुरू केल्यावर रक्तातील पातळी हळूहळू चढते आणि स्थिर होण्यास महिना-दोन महिने लागतात. रोज घेतलेली मात्रा आणि रोज बाहेर पडणारी मात्रा यांचा तोल तेव्हा साधला जातो. दुसरा असा की, औषध थांबवल्यावर ते तितक्याच हळू उतरते. सात दिवसांचा अर्धायुकाल धरला, तर एका आठवड्याने निम्मे, चार आठवड्यांनी सोळावा हिस्सा आणि आठ आठवड्यांनी दोनशे छप्पन्नावा हिस्सा उरतो. म्हणून रात्रपाळीच्या धांदलीत एखादी गोळी चुकली तर घाबरू नये, आणि भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन गोळ्याही घेऊ नयेत. पण "बरे वाटते" म्हणून दोन महिने गोळी बंद ठेवली, तर कुलपे जवळजवळ उघडी पडली, असे समजावे. त्या काळात तब्येतीत काहीच फरक जाणवत नाही, हेच यातले फसवे आहे. मागे राहिलेल्या सूक्ष्म कर्कपेशी दुखत नाहीत.

पाच वर्षे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या ई.आर. पॉझिटिव्ह रुग्णांत पंधरा वर्षांच्या काळात या रोगाने येणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे अनेक देशांतील हजारो स्त्रियांच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. गोळी थांबवल्यानंतरही तिने दिलेले संरक्षण पुढे वर्षानुवर्षे टिकते, परंतु ते पूर्ण मुदत घेणाऱ्यांना. काही रुग्णांना डॉक्टर दहा वर्षेही ती सांगतात.

रजोनिवृत्तीनंतर अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन थांबते, तरी मेदातील 'अरोमाटेज' नावाचा विकर ते थोड्या प्रमाणात बनवीत राहतो. लेट्रोझोल व अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्या कुलूप अडवीत नाहीत. त्या किल्ली घडवणाऱ्या या विकरालाच रोखतात. त्यांचा अर्धायुकाल साधारण दोन दिवसांचा. त्या हाडे विरळ करू शकतात, म्हणून हाडांच्या घनतेची तपासणी सांगितली जाते.

औषध औषधाला आडवे जाते तेव्हा

यकृतातील यंत्रे सर्व औषधांना सामाईक आहेत. एका औषधाने यंत्र अडवले की दुसरे खोळंबते. टॅमॉक्सिफेनमुळे अनेक स्त्रियांना अंगातून गरम वाफा येतात, झोप मोडते, मन खचते. त्यावर कधी कधी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुऑक्सेटिन ही मनःस्वास्थ्याची औषधे दिली जातात. ती टू-डी-सिक्स या विकरालाच अडवतात. परिणामी एंडॉक्सिफेन कमी तयार होते. त्यांना पर्याय उपलब्ध आहेत, पण तो निवडण्यासाठी डॉक्टरला आधी कळले पाहिजे की रुग्ण टॅमॉक्सिफेन घेत आहे.

याउलटही घडते. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन थ्री-ए-फोर या विकराला इतके उत्तेजित करते की टॅमॉक्सिफेनचा फडशा फार लवकर पडतो आणि रक्तातील त्याची पातळी खूप खाली येते. दाटीच्या वस्त्यांत क्षय अजून संपलेला नाही. एका घरात, क्वचित एकाच स्त्रीला, दोन्ही आजार असू शकतात. दोन वेगळ्या दवाखान्यांतील कागद एका पिशवीत ठेवून दोन्हीकडे दाखवणे, एवढ्या साध्या गोष्टीने मोठा अनर्थ टळतो.

घरगुती उपायांचेही असेच आहे. भाजीतली हळद कोणी सोडण्याचे कारण नाही. परंतु हळदीच्या अर्काच्या तीव्र गोळ्या मिरीच्या अर्कासह घेतल्यास एंडॉक्सिफेनची पातळी घटते, असे नेदरलँड्समधील २०१९ च्या एका लहान अभ्यासात आढळले. ग्रेपफ्रूट हे फळ आणि त्याच्या कुळातील आपले पपनस यांत आतड्यातील थ्री-ए-फोर विकराला अडवणारी द्रव्ये असतात. कोणी दिलेला काढा, भुकटी वा चूर्ण 'नैसर्गिक' आहे म्हणून यकृत त्याला वेगळी वागणूक देत नाही. यकृताला सर्व रेणूंवर तीच प्रक्रिया करावी लागते.

केमोथेरपी : विषाचे औषध होताना

केमोथेरपीच्या औषधांचा इतिहास युद्धाशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ साली मस्टर्ड वायू वापरला गेला. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतील बारी बंदरावर बॉम्बहल्ला झाला. तेथील एका जहाजात गुप्तपणे साठवलेले मस्टर्ड पसरले आणि बाधितांच्या पांढऱ्या रक्तपेशी ढासळल्याचे डॉक्टरांनी नोंदवले. त्याआधीच अमेरिकेत याच कुळातील नायट्रोजन मस्टर्डचे कर्करोगावर प्रयोग सुरू झाले होते. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना ते मारते, हे उघड झाले.

याच कुळातून १९५८ साली जर्मनीत सायक्लोफॉस्फामाइड पुढे आले. विष बांधून न्यावे आणि ते गाठीतच सुटावे, अशी संशोधकांची कल्पना होती. प्रत्यक्षात ते यकृतच सोडते, हे नंतर समजले. यकृतातील प्रक्रियेतून एक द्रव्य कर्कपेशींना मारणारे बनते, तर दुसरे, अ‍ॅक्रोलिन नावाचे, लघवीतून बाहेर पडताना मूत्राशयाच्या अस्तराला भाजते. "भरपूर पाणी प्या, लघवी तुंबवून ठेवू नका" या परिचारिकेच्या सूचनेमागे हे रसायनशास्त्र आहे. कारखान्यात स्वच्छतागृहाची सोय नीट नाही म्हणून दिवसभर पाणी टाळणाऱ्या भगिनींनी ही सूचना विशेष लक्षात ठेवावी.

बारी ज्या पुलिया प्रांतात आहे, त्याच प्रांतातील एका मध्ययुगीन किल्ल्याजवळच्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस वर्गाचा एक जीवाणू सापडला आणि त्या शोधमालिकेतून डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध निघाले. याच वर्गातील दुसऱ्या एका जीवाणूला आपल्या पिंपरीचे नाव आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. त्यापासून 'एचए'च्या शास्त्रज्ञांनी बुरशीवरील हॅमायसिन हे औषध शोधून काढले.

डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते औषधाचा रंग असतो, रक्त नव्हे. मात्र लाली त्यानंतरही राहिली किंवा जळजळ झाली तर डॉक्टरांना सांगावे. हे औषध मुख्यतः यकृतातून पित्तावाटे बाहेर पडते. कावीळ असेल, बिलिरुबिन वाढले असेल, तर ते साचते. म्हणून रक्ततपासणी पाहून मात्रा घटवतात. त्याची इजा हृदयाच्या स्नायूला होऊ शकते आणि ती आयुष्यभराच्या एकूण मात्रेवर अवलंबून असते. त्यामुळे पूर्वीच्या केमोची कागदपत्रे दहा वर्षांनंतरही टाकून देऊ नयेत.

पॅक्लिटॅक्सेल या औषधाशी महाराष्ट्राचे नाते आहे. १९२५ साली नंदुरबार येथे जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी यांनी अमेरिकेत मनरो वॉल यांच्यासह पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून मिळालेल्या या द्रव्याची रचना उलगडली. १९७१ साली ती प्रसिद्ध झाली. तक्षशिलेच्या परिसरात औषधी गुण नसलेली वनस्पती शोधून आण, अशी आज्ञा मिळालेला जीवक रिकाम्या हाताने परतला, ही विनयपिटकातील कथा आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. जीवकाच्या उत्तराचा अर्थ मात्र कोणताही पाला चावून खावा, असा नाही. सालीतून शुद्ध रेणू मिळवणे, मात्रा ठरवणे आणि शरीर त्याचे काय करते हे मोजणे, या परिश्रमांनंतरच वनस्पतीचे औषध होते. आपल्या अंगणातील सदाफुलीच्या द्रव्यांपासूनही कर्करोगाची औषधे बनतात. पण सदाफुलीची पाने चावणे धोक्याचे आहे, कारण त्यांत विषाची मात्रा किती हे कोणालाच ठाऊक नसते.

पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात विरघळवून देतात, आणि या द्रावकाची काहींना तीव्र अ‍ॅलर्जी येते. म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी औषधे दिली जातात. हातापायांना मुंग्या येणे हा त्याचा परिचित त्रास. यंत्रावर काम करणाऱ्या स्त्रीने तो लपवू नये.

प्रतिपिंडाची वेगळी वाट

'हर-टू पॉझिटिव्ह' गाठींवर ट्रॅस्टुझुमॅब दिले जाते. अमेरिकेत त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. भारतात बनलेली तुलनेने स्वस्त आवृत्ती २०१४ साली बाजारात आली. हा लहान रेणू नसून प्रतिपिंड, म्हणजे मोठे प्रथिन आहे. गोळी करून दिले तर डाळीतल्या प्रथिनासारखे ते पोटातच पचेल, म्हणून ते टोचूनच द्यावे लागते. सायटोक्रोम घराण्याशी त्याचा संबंध येत नाही. शरीरातील पेशीच त्याचे तुकडे करून अमिनो आम्ले पुन्हा वापरतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे चार आठवड्यांचा असल्यामुळे तीन आठवड्यांतून एकदा दिले तरी पुरते, आणि उपचार संपल्यावरही ते काही महिने रक्तात राहते. तोवर गर्भधारणा टाळावी लागते. टॅमॉक्सिफेनबाबतही हीच काळजी घ्यावी लागते.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

केमोची मात्रा उंची व वजनावरून काढतात. वजन घटले वा वाढले तर ते सांगावे. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या रक्तपेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात अंगात १००.४ अंश फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. औषध लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडत असते. म्हणून केमोनंतर साधारण दोन दिवस संडासात भरपूर पाणी ओतावे, घाण साफ करताना हातमोजे घालावेत, कपडे वेगळे धुवावेत. याचा अर्थ रुग्ण विटाळली, असा मुळीच नाही. तिच्या शेजारी बसावे, तिच्या ताटात जेवावे, लेकरांनी तिला मिठी मारावी. कर्करोग स्पर्शाने पसरत नाही. स्पर्शाच्या नावाने माणसाला दूर लोटणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला नव्याने शिकण्याची गरज नाही.

खर्चाचा प्रश्नही आहेच. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा तयार झाला आणि १९४८ साली राज्य विमा कायदा झाला. पगारातून 'ई.एस.आय.' कापले जात असेल, तर नियमांनुसार कामगाराच्या पत्नीला आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्याचा लाभ मिळतो. ज्यांना हा विमा नाही, त्यांच्यासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. कर्करोगाचे उपचार तीत अंतर्भूत आहेत. ही सवलत उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागावी. आणि चाकणच्या कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी एक करावे : वस्तीतील ज्या भगिनीला फॉर्म वाचता येत नाही, तिच्यासोबत एक दिवस रजा टाकून जावे.

गोळी रोज एक, अगदी लहान. तिच्यावर रोज काम करणारे यकृत कधी सुट्टी घेत नाही. त्याला पाच वर्षे न चुकता कच्चा माल पुरवत राहणे, एवढे काम आपले आहे.